खिंडाईच्या वाटेवरची उलटी पावले

आडोलीची शेवटची घरे मागे पडली की वाट उभी चढायला लागते आणि तीन वळणे घेऊन खिंडाईच्या देवळाशी पोचते. या खिंडीत वारा कधी बसत नाही. भर उन्हाळ्यातही बायका पदर दातात धरून चढतात, आणि देवळावरचे निशाण दर जत्रेला नवे लावले तरी दिवाळीपर्यंत त्याच्या चिंध्या होतात. दुसऱ्या वळणाच्या पुढे, वाटेच्या मधोमध, एक काळा सपाट दगड जमिनीत रुतलेला आहे. त्यावर पावलांच्या दोन जोड्या आहेत. मोठ्या जोडीचे अंगठे देवळाकडे. लहान जोडीचे अंगठे गावाकडे, म्हणजे टाचा देवीकडे. दोन्ही जोड्या इतक्या जवळ की मध्ये वीतभरही जागा नाही. नवखा माणूस सतीचा दगड समजून हात जोडतो. तो सतीचा नव्हे. त्यातली बाई नवऱ्यामागे मेली नाही, नवराही मेला नाही, आणि दोघे पुढे चांगली म्हातारी झाली, म्हणून तर दगड आहे.

चैत्रातल्या जत्रेला पालखीपुढे आडोलीचा बँड चालतो. ढोल-ताशांचा नव्हे, बॅगपाइपचा. डोक्याला फेटा, काखेत पिशवी, खांद्यावर तीन काळ्या नळ्या, अशी माणसे रांगेने चढतात. काळ्या दगडाशी आले की सगळे थांबतात. गावातली सर्वांत नवी सून पुढे येते, वाजवणाऱ्याच्या तोंडातली फुंकायची नळी काढून आपल्या तोंडात धरते आणि पिशवीत फुंक भरते. तेवढ्यात सूर तुटता कामा नये. मग देवळाशी ती नळी परत त्याच्याकडे जाते आणि तो ती न पुसता तोंडात घेतो. रोगाच्या साथीच्या वर्षी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी हात जोडून सांगितले, नळी तेवढी पुसा. गावाने त्यांचे बाकी सगळे ऐकले.

यंदा हा बँड स्कॉटलंडातल्या मोठ्या स्पर्धेसाठी निवडला गेला, त्यामुळे शहरातून पाहुण्यांची रीघ लागली आहे. बातमी घ्यायला आलेली माणसे आधी स्पर्धेचे विचारतात आणि मग न राहवून नळीचे. त्यांना देवळाच्या कट्ट्यावर बसवून सुभेदार दौलूआप्पा ही गोष्ट सांगतात. आप्पांनी पलटणीत वीस-बावीस वर्षे पाइप वाजवला, पण सुरुवात ते कायम अशीच करतात : "मी काय तिथं नव्हतो. आजीनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. बायकांकडनं आलेली गोष्ट हाय. म्हणून तिच्यात चूल लई हाय, लढाई थोडीच."

असे सांगतात की पहिल्या मोठ्या लढाईत आडोलीचा केरबा लामावर, म्हणजे सरकारी पलटणीतून लढायला, गेला. त्याच्या घराकडे देवीपुढच्या सनईला सूर धरण्याचे काम होते. एक जण सनई वाजवणार, केरबाचा चुलता, केरबा आणि आणखी एक भाऊबंद नुसता सूर धरून उभे राहणार. घरात बाकी काही नसले तरी सूर होता. वाळवंटातल्या छावणीत शेजारी गोऱ्यांची एक पलटण उतरली होती. त्यांतले शिपाई घागरा नेसत, म्हणून आपली माणसे त्यांना घागरेवाले म्हणत आणि आधी खूप हसत. एका सकाळी त्यांच्यातल्या एकाने काखेत पिशवी धरून वाजवायला सुरुवात केली आणि केरबाचे हसू जागच्या जागी थांबले. सनई आणि तिच्यामागचे तीन सूर, ज्यांना आडोलीत चौघे लागत, ते हा एकटा माणूस काखेत घेऊन उभा होता.

त्याचे नाव डंकन. हाही मेंढरे राखणाऱ्याचा मुलगा, डोंगरातला. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नव्हती, पण मोडक्या हिंदुस्थानीवर आणि बोटांवर भागत असे. डंकनने त्याला पाइप शिकवला. पुढे डंकनला जखम झाली आणि ती चिघळली. त्याने पाइप केरबाच्या हातात दिला आणि सांगितले, म्हणे, की त्याच्या गावी दरसाल मेंढरे वर न्यायच्या दिवशी त्याचा बाप डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाजवत जाई. एकच गत, मध्ये सूर न तोडता. बाप गेल्यावर ते डंकनने करायचे होते, आईला तसे सांगून तो निघाला होता. ते आता राहिले.

"तुझ्याकडं डोंगर हाय ना?" त्याने विचारले.

केरबाने खिंडाईची शपथ घेतली. एकदा तरी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, सूर न तोडता.

पुढच्याच महिन्यात केरबाच्या छातीतून गोळी आरपार गेली. तो वाचला, घरी आला, आणि त्याच्या आईने, बयाबाईने, पोराचा जीव जागेवर राहावा म्हणून घाईने त्याचे लग्न लावले. सून आणली अनसा, खालच्या खोऱ्यातली. अबोल होती. अबोल माणसाला लोक भोळे समजतात, आणि त्यामुळे त्याच्यासमोर सगळे बोलतात. अनसाला महिन्याभरात घरातले सगळे समजले.

तिला समजले की घरात तिच्याआधी एक सवत आलेली आहे आणि ती गोठ्यात खुंटीला टांगलेली आहे. बयाबाईने पाइपला उंबरठा ओलांडू दिला नव्हता. "चामड्याचं, गोऱ्याचं, त्यातनं मेलेल्याचं," ती म्हणे. "माझ्या देवघराच्या भिंतीला नगं." म्हैस, रेडकू आणि डंकनचा पाइप असे तिघे गोठ्यात राहत. चामडे वाळून तडकू नये म्हणून केरबा पिशवीच्या आतून काकवी फिरवी. सुनेच्या भाकरीवर काकवी पडली तर सासूची नजर तिथे जाई. पिशवीला मात्र वाटीभर. मुंग्यांची रांग गोठ्यापर्यंत लागलेली असे. अनसा शेण काढताना त्या रांगेला पाय न लावता वळसा घेई. तिला वाटे, या घरात आपल्यासारखीच ही एक, आणून टांगून ठेवलेली.

पण केरबा पाइपला टांगून राहू देत नव्हता. रोज सकाळी तांबडे फुटताच तो पाइप घेऊन पायथ्याशी जाई आणि वाजवत चढायला लागे. पहिले वळण ठीक. दुसऱ्याच्या आसपास छाती शिट्टी वाजवू लागे, खोकला येई, सूर तुटे. मग तो तिथूनच पुढे न जाता परत खाली उतरे, कारण शपथ पायथ्यापासूनची होती. पुन्हा चढे. पुन्हा तुटे. ऊन तापले की घरी येई, आणि घरीही बसत नसे. भाकरी उभ्याने खाई. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. अनसाला तो दाव्याला बांधलेल्या बोकडासारखा दिसे : दावे संपले की वळायचे.

पाणवठ्यावर बायका त्या फुगणाऱ्या पिशवीला म्हस म्हणत आणि विचारत, "काय गं अनसा, तुझ्या धन्याची म्हस आज कुठवर चढली?"

"दुसऱ्या वळणापत्तुर," अनसा शांतपणे सांगे.

"येती का मग दूध द्यायला?"

सगळ्या हसत. अनसाही हसे. घागर मात्र तिच्या हातात ठरत नसे. घरी येईपर्यंत अर्धी अंगावर सांडलेली असे, कारण कान सगळे खिंडीकडे असत. सूर चालू असला की तिचा श्वास अडके आणि सूर तुटला की सुटे. हे काही बरे लक्षण नव्हे, हे तिला कळत होते.

फाल्गुनात वैदूने केरबाच्या पाठीला कान लावला आणि बयाबाईला सांगितले, "दोन भात्यांतला एकच चालतुया. सपाटीला चालंल. चढाला न्हाई. चढाला गेला तर वाटंतच ठेवावा लागंल." दाराआड उभ्या असलेल्या अनसाने ते ऐकले. केरबानेही ऐकले. दुसऱ्या दिवशी तो पाइप घेऊन पायथ्याशी गेला.

त्या दुपारी सगळे शेतावर गेलेले पाहून अनसा गोठ्यात शिरली. हे आहे तरी काय, ज्याच्यापुढे माणूस जीव ओतून टाकतो, एवढेच तिला बघायचे होते. तिने पाइप खुंटीवरून काढला, त्याच्यासारखा काखेत धरला आणि नळी तोंडाला लावली. लावल्यावर तिच्या ध्यानात आले की हे तर ओळखीचे आहे. चुलीपुढे बसून ओल्या लाकडाला फुंकणीने फुंकायचे, डोळ्यांत धूर जाऊ द्यायचा नाही, आणि जाळ धरेपर्यंत थांबायचे नाही. आठव्या वर्षापासून ती हेच करत आली होती. ओली जळणे सासरी आणि माहेरी सारखीच असतात. तिने फुंकले. पिशवी रेडकाच्या पोटासारखी टम्म झाली. नळीच्या आत एक चामड्याची झडप होती, त्यामुळे तोंड काढले तरी वारा परत येईना. तिने कोपराने दाबले, आणि तिन्ही सूर एकदम असे उठले की म्हशीने दावे तोडले.

म्हैस ओढ्यापलीकडे सापडली. बयाबाईने गोठ्यावरून लिंबू उतरून टाकले, कारण गोऱ्याचे भूत दुपारचे निघाले होते. अनसाने लिंबू आणून दिले.

अंगणात भेट झाली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "अवं, बोटं तुमची हाईत. फुंक माझी चालंल का?"

केरबा फिरता फिरता थांबला. "खुळी का काय? शपथ माझी. दुसऱ्याची फुंक कशी चालंल? आणि बाईमाणसानं तोंड लावल्यालं लोक बघत बसतील व्हय?" आणि तो पुन्हा फिरायला लागला. अनसाने पुन्हा विचारले नाही. पण ओल्या लाकडाची मोळी दिसली की ती आता ती आपणहून चुलीकडे ओढी.

जत्रेच्या आदल्या दिवशी केरबा पाटलाकडे गेला आणि पालखीपुढे वाजवत चढण्याची परवानगी मागितली. देवीच्या पालखीपुढे चढताना माणूस मध्ये थांबू शकत नाही, परतही फिरू शकत नाही. म्हणूनच त्याने तो दिवस धरला होता. पाटील मिशी ओढत म्हणाले, "चढ. पण देवीपुढं धरल्याला सूर मधीच तुटला, तर पालखी भुईला टेकवावी लागंल. तसं झालं तर त्या पिशवीला त्याच दिशी डोह दाखवायचा. कबूल?"

"कबूल," केरबा म्हणाला. घरी येऊन तो आईच्या पाया पडला. बयाबाईने त्या रात्री जेवणाचे भांडे दोनदा घासले.

सकाळी पालखी उठली. वारा असा सुटला होता, म्हणे, की गुलाल उधळला तर उधळणाऱ्याच्याच तोंडावर येत होता. पुढे केरबा, त्याच्यामागे पालखी, मागे पुरुष, आणि सगळ्यांच्या मागे बायका. अनसाच्या डोक्यावर नैवेद्याची दुरडी होती आणि पदर नाकापर्यंत. तिला नवरा दिसत नव्हता. सूर तेवढा ऐकू येत होता, आणि तिला तेवढे पुरत होते.

पहिले वळण सरळ गेले. दुसऱ्याला सूर किंचित हलला. मागून कुणीतरी म्हणाले, "आला म्हशीचा पाणवठा!" आणि आजूबाजूचे हसले. दुसरे वळण ओलांडले, तसा सूर हळूहळू खाली झुकू लागला. भोई एकमेकांकडे बघायला लागले. अनसाला कळले की हा पिशवीतला शेवटचा वारा आहे. तो संपायच्या आत केरबा छातीतले उरलेसुरले त्यात ओतणार आणि वैदूचे बोलणे खरे करणार.

तिने दुरडी जावेच्या डोक्यावर ठेवली. "धरा," एवढेच म्हणाली. आणि धावली.

बाईने पालखीच्या पुढे जायचे नसते. ती गेली. पदर पडला, तो तिने उचलला नाही. केरबा काळ्या दगडावर उभा होता, ओठ निळे, डोळे पांढरे, कोपर मात्र अजून पिशवीवर घट्ट. तिने त्याच्यासमोर उभे राहून त्याच्या तोंडातली नळी काढली आणि आपल्या तोंडात धरली. ओल्या लाकडाला घालतात तशी एकच लांब फुंक घातली. झुकलेला सूर उठला, सरळ झाला आणि खिंडीला जाऊन भिडला.

आता पालखी थांबवायची नव्हती. नळी एवढीशी आखूड, तेव्हा तिला त्याच्यापासून दूर होता येईना. आणि त्याला तर वरच जायचे होते. म्हणून अनसा उलट्या पावलांनी चढू लागली. तोंड नवऱ्याकडे, पाठ देवीकडे. देवीकडे पाठ करायची नसते, हेही तिला ठाऊक होते. त्या दिवशी करायचे नसते असे इतके काही झाले होते की आणखी एकाने काय होणार.

केरबाचे तोंड लग्नानंतर पहिल्यांदा रिकामे झाले होते. तो आवाज करत श्वास घेत होता. बोटे चालूच होती. चारचौघांत नवरा बायकोशी बोलत नसे, तो काळ होता. पण वाट त्यालाच दिसत होती.

"उजवीकडं," तो म्हणाला. दोन पावलांनी, "दगड हाय." मग, "पाय उचल जरा." मग अगदी हळू, "पडशील गं."

अनसाला बोलायला तोंड मोकळे नव्हते. तसे ते लग्न झाल्यापासून कधी होते?

तिसऱ्या वळणावर तिची टाच मुरुमावरून घसरली. ती मागे कोसळणार तोच पाठीवर एक हात आला, खरखरीत, शेण थापणारा, आणि त्याने तिला उभी धरली. नळी तोंडात असल्यामुळे तिला वळून बघता येईना. पण मागून आवाज आला, "डोळं फुटलं का? नीट चाल!" आणि तिला कळले की सासूही पालखीच्या पुढे आली आहे.

तो हात देवळापर्यंत तिच्या पाठीवरून निघाला नाही.

वर पोचल्यावर गत पुरी व्हायला थोडी राहिली होती. अनसाने शेवटची फुंक भरली, नळी सोडली आणि बाजूला झाली. पिशवी भरलेली होती, सूर चालू होता, आणि तेवढ्यात गुरवाचा आवाज चढला. बाईच्या तोंडचे उष्टे देवीपुढे चालणार नाही. आधी नळी पुसा, धुवा, मग पुढचे.

पाटलांनी केरबाच्या चुलत्याला विचारले. हयातभर सूर धरलेला माणूस तो, दुसरे कुणाचे ऐकण्यासारखे नव्हते.

"सूर तुटला न्हाई," चुलता म्हणाला.

"पण शपथ ह्याची आणि फुंक बायकूची," पाटील केरबाला म्हणाले. "मग फिटली कशी?"

केरबाचे कोपर दाबलेलेच होते. "त्यानं सूर मागितला हुता, पाटील," तो म्हणाला. "फुंक कुणाची, ते न्हाई मागितलं."

पिशवी बसत चालली होती. कुणीतरी ओला पंचा पुढे केला. सगळ्या गावाची नजर त्या नळीवर. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायको जेवे, यात नवल नव्हते, ते रोजचे होते. बायकोचे उष्टे नवऱ्याने घेतलेले आडोलीत कुणी पाहिले नव्हते. केरबाने पंच्याकडे पाहिले, मान वळवली आणि ओली नळी तशीच तोंडात घेतली. एक श्वास, आपल्या एका भात्यातला, त्याने तिच्या श्वासात मिसळला आणि गत पुरी केली.

असे सांगतात की त्या क्षणी खिंडीतला वारा बसला. देवळावरचे निशाण काठीला टेकले आणि गत संपेपर्यंत हलले नाही. नंतर जो सुटला तो आजतागायत चालू आहे.

केरबाच्या येरझाऱ्या त्या दिवसानंतर थांबल्या. तो बसून जेवू लागला. पुढच्या वर्षी जत्रा जवळ आली तेव्हा अनसा गोठ्यात गेली, तर पाइप खुंटीवर नव्हता. तो आत देवघराच्या भिंतीला टांगलेला होता आणि त्याच्या खाली काकवीची वाटी ठेवली होती. बयाबाई तिथेच वाती वळत बसली होती. तिने मान वर केली नाही. "मुंग्या झाल्या तर तूच बघ," एवढे म्हणाली.

इथे आप्पा थांबतात. पाहुण्यांतले कुणीतरी हमखास विचारते, पावले खरेच उमटली की पाथरवटाने कोरली? आप्पा चिडत नाहीत. "कोरली असतील," म्हणतात. "पण मला एवढंच सांगा, देवीकडं टाचा करून बाईची पावलं कोरायची, हे बघितल्याबिगर कुणाच्या डोक्यात यील?"

आजही आडोलीत लग्न ठरले की नवरदेवाला हळदीच्या आधी पाइप शिकावा लागतो. नोकरी कुठलीही असो, एक गत तरी आलीच पाहिजे. परवाच एका बँकेतल्या जावयालाही गावाने सोडले नाही. आजही चैत्रात काळ्या दगडाशी बँड थांबतो, नवी सून नवऱ्याच्या तोंडची नळी घेते आणि उलट्या पावलांनी चढू लागते. मागून सासूचा हात तिच्या पाठीवर असतो आणि सासू तिला सारखी रागावत असते, कारण तेही रिवाजात बसते. यंदाची सून कोल्हापुरात कॉलेजला शिकवते. देवळाशी तिने नळी सोडली तेव्हा नळीच्या टोकाला ओठांची लाली लागलेली होती, लांबूनही दिसेल अशी. पाहुण्यांनी कॅमेरे वर केले. नवऱ्याने लालीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि नळी तोंडात घेतली.